राखेतलं मीठ

लिहून घ्यायच्या आधी एक गोष्ट उरकून घेऊ, गुरुजी. ती पापुआची माणसं माणसाला खातात का, हे तुमाला विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, म्हणजे मी नाय म्हणून सांगतो आन् आपण पुढं जाऊ. वीस वर्षं पनवेलच्या बाजारात मला हा एकच प्रश्न आलाय, शिंप्यानं विचारलाय, टांगेवाल्यानं विचारलाय, दात काढताना डॉक्टरनं विचारलाय, तोंडात चिमटा घालून, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाय. मीठ कसं बनवतात तिथं, हे कोणी विचारलं नाय. विचारतील कशाला? मीठ वाण्याकडं मिळतं.

मी गोमा, न्हावा गावचा. आमी आगरी, मिठागरावरची माणसं, बापूस मिठागरावर, आजा, पणजा मिठागरावर, आन् आवस सांगायची की मी झालो तेव्हा सुईण म्हणाली, ह्याला वेगळं मीठ नको, हा खाऱ्या वाऱ्यातच मुरलेला हाय. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, लाकडी फळीनं ओढून ढीग करायचे, आन् ते ढीग चांदण्यात असे दिसायचे की काय सांगू तुमाला. पाणी आत घ्यायला बांधाला जी फळी असते तिला आमी उघाडी म्हणतो. ती मी एकदा बंद करायची विसरलो, कारण पनवेलला नाटक होतं आन् मला राजाचं काम करणारा नट बघायचा होता. रात्री उधाण आलं आन् सकाळी बापूस बघतो तर सगळे ढीग विरघळून समुद्राच्या घरी परत गेलेले. बापूस फळी घेऊन माझ्या मागं, मी पुढं, असे आमी पनवेलपर्यंत धावलो. तिथं लढाईसाठी सैन्यात माणसं घेत होते, बाकड्यावर चहा-पाव ठेवला होता. मी बाकड्याच्या पलीकडं उडी मारली. बापूस अलीकडं उभा राहिला, धापा टाकत, आन् म्हणाला, जा, जिथं मीठ नाय तिथं जा.

लागलं हो ते बोलणं. तंतोतंत लागलं.

मला लांगरी केला, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. बंदूक दिली नाय, टोप दिला, ॲल्युमिनियमचा, पाच-सहा माणसांची डाळ शिजेल एवढा. सिंगापूरला नेलं. सिंगापूर पडलं. आमी जपान्यांचे कैदी झालो, आन् मंग एका बोटीच्या तळात कोंबून न्यू गिनी म्हणतात त्या मुलखात आमाला नेलं, पापुआ म्हणा, तेच ते. विमानतळासाठी झाडं तोडायची, दगड फोडायचे आन् मूठभर भातावर जगायचं, पुढं पुढं तोही नाय. माझ्याबरोबरची किती माणसं तिथल्या चिखलात राहिली ते मी सांगत नाय. ते सांगायला बसलो तर आपलं दुसरं काही होणार नाय. मंग वरून बाँब पडायला लागले, पहारेकरी एकीकडं पळाले, आमी दुसरीकडं, आन् मी टोप डोक्यावर घालून रानात शिरलो. टोप का नेलास म्हणाल. अहो, स्वयंपाक्यानं टोप टाकला तर मंग राहिलं काय त्याचं?

किती दिवस चाललो ठाऊक नाय. एका ओढ्याच्या काठी पडलो. डोळे उघडले तर एक म्हातारी माझ्या छातीवरच्या जळवा काढत होती, एकेक, भाजी निवडावी तशी. कावी तिचं नाव. वय विचारू नका, तिलाही माहीत नव्हतं. अंगानं चिंचेच्या काटकीसारखी, तोंड सुपारीनं लालभडक. तिनं मला बसतं केलं आन् कनवटीची सुपारी काढली, सोबत शिंपल्यांचा चुना. मी चुना बोटावर घेतला, सुपारी चावली, थुंकलो, आन् ती खदाखदा हसायला लागली. गुरुजी, सगळं जग फिरून मी तिथं पडलेलो, बोलीचा एक शब्द कळत नाय, पण थुंकायचं कुठं आन् कसं ते दोघांनाही पाठ.

गाव म्हणजे डोंगराच्या सोंडेवर पंधरा-वीस झोपड्या, खांबांवर उचललेल्या, पानांनी शाकारलेल्या. कर्नाळ्याचं रान तुमी पाह्यलंय ना? ते त्या रानापुढं परसबाग. पाऊस तर असा की थांबला की माणसं घाबरून बाहेर येऊन बघायची. आपल्या पुस्तकांत लिहितात, रम्य अरण्य, निसर्गाची लेकरं. मी त्या पुस्तकवाल्याला एक आठवडा तिथं ठेवला असता. पोटातली पाणथरी सुजून पोरांची पोटं फुगलेली, हिवताप घरटी, पायाला एक ओरखडा झाला की त्याची जखम हाडापर्यंत जायची आन् औषध म्हणजे झाडाचा पाला. त्यात जपानी यायचे आन् डुकरं घेऊन जायचे, कंद उपटून न्यायचे. ही माणसं काय खायची, तर सागूच्या झाडाचा गाभा. झाड पाडायचं, गाभा ठेचायचा, ओढ्यात धुवायचा, खाली जो पांढरा साका बसेल तो गरम पाण्यात ढवळायचा. भिंतीवर जाहिराती चिकटवायची खळ असते ना, तीच. हाच आपला साबुदाणा हो! आमच्या आवशीनं जन्मात जेवढ्या एकादश्या केल्या नसतील तेवढ्या मी तिथं वर्षभरात केल्या. त्या झाडाच्या ओंडक्यात बोटाएवढ्या अळ्या असतात, त्या मी खाल्ल्या आन् आवडीनं खाल्ल्या. खाडीच्या चिखलातले निवट्या मासे पकडून खाणाऱ्याला अळीचं काय कौतुक.

पण मीठ नाय. काही म्हणजे काही नाय. समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर, पूर्वी किनाऱ्याची माणसं मीठ घेऊन यायची आन् विणलेल्या पिशव्या घेऊन जायची, पण लढाईनं ती वाट बंद केली होती. अळणी जेवण तुमी एक दिवस जेवाल, उपास म्हणून. महिनेच्या महिने जेवून बघा. पायांत गोळे येतात, डोकं फिरतं, आन् शेवटी माणूस आपला स्वतःचा घाम चाटतो. मी चाटलेला हाय, मिठागराचा पोर.

आता ऐका, हीच गोष्ट सांगायला बसलोय मी.

एक दिवस टोपाच्या तळाशी सागू करपला. मला फार वाईट वाटलं. कावी मला पोसत होती आन् मी काय देत होतो? म्हणलं, टोप तरी लख्ख घासून तिला देऊन टाकू. घासायला राख हवी. तिच्या चुलीतली राख गळक्या छपरानं भिजून चिखल झालेली. मी वर बघितलं, तर चुलीच्या बरोबर वर धुरात एक पुडकं टांगलेलं, पानात बांधलेलं. सोडलं तर आत राखाडी गोळा, कोरडा ठणठणीत. आमच्या घरी मोरीपाशी करवंटीत कोरडी राख ठेवलेली असते, आवस कोणाला हात लावू द्यायची नाय. मला वाटलं, हीसुद्धा तशीच व्यवस्थित बाई. घेतलं पुडकं, गेलो ओढ्यावर, फोडला गोळा आन् घासला टोप. असा निघाला, गुरुजी, की माझं तोंड मला दिसलं त्यात. खूश होऊन नाक खाजवलं, ओलं बोट ओठाला लागलं.

खारट.

माझ्या जिभेला कोण फसवणार? मी चौथ्या पिढीचा. मी ओढ्यात गुडघ्यावर बसलो आन् वाहतं पाणी ओंजळीनं परत काढायला लागलो, वेड्यासारखा. ओढा काय परत देतो.

ते मीठ होतं. मंग मला कळलं कसं करतात ते. दलदलीतली एक लव्हाळ्याची जात, उंच गवतासारखी, ती कापायची, वाळवायची, पावसाच्या मुलखात वाळवायची म्हणजे एकेक काडी धुरावर. मंग जाळायची. राख पानाच्या नरसाळ्यात भरून वरून थेंब थेंब पाणी सोडायचं, गळेल ते पाणी मंद आचेवर आटवायचं, दिवसच्या दिवस, झोप न घेता. ढीगभर लव्हाळ्यातून निघतं मूठभर. ती मूठ करायला कावीला तीन पौर्णिमा लागल्या होत्या. आन् ठेवली होती नातीच्या लग्नासाठी. त्यांच्यात मुलीच्या घरानं मुलाकडच्यांना जेवण घालायचं आन् त्या जेवणात प्रत्येकाच्या पानावर चिमूटभर मीठ स्वतः मुलीनं ठेवायचं, नायतर ते जेवण जेवण नाय आन् ते लग्नही नाय. डुकरं जपान्यांनी नेलेली. राहिलं होतं एवढं मीठ. ते मी भांड्याला लावलं.

मी चमकणारा टोप हातात घेऊन परत आलो आन् तिच्यापुढं ठेवला. तिनं वर बघितलं, रिकामी दोरी बघितली, टोप बघितला. नात बाजूला उभी होती, तिनं तोंडावर हात घेतला आन् आत गेली. मी मान खाली घातली, म्हणलं, आता ही काय ते करो. म्हातारीनं टोप उचलून बाजूला ठेवला. मंग कनवटीची सुपारी काढली, दातानं फोडून अर्धी केली आन् अर्धी मला दिली. ज्याचं नुकसान झालं त्यानं नुकसान करणाऱ्याला सुपारी द्यायची, अशी त्यांची रीत. घेतली की भांडण संपलं, वस्तू मात्र भरून द्यायची. मी घेतली. आन् छाती ठोकून, हातवाऱ्यांनी, तोंडानं, जमेल तसं सांगितलं की मी मीठवाला हाय, माझ्या गावी मिठाचे डोंगर हायत, माणसाहून उंच, उघड्यावर पडलेले, मी तुला पोतं पाठवीन.

सगळं गाव हसलं. मिठाचा डोंगर! म्हातारे पोट धरून लोळले. तेव्हापासून मला पाह्यलं की पोरं हात उंच करून डोंगर दाखवायची.

दुसऱ्या दिवसापासून मी कावीबरोबर लव्हाळं कापायला लागलो. कंबरभर पाण्यात, जळवांत, पंधरा दिवस. पण मिठाचा एक दाणा बघायच्या आत गोरे सैनिक आले, लढाई संपली म्हणाले, मला बघून चकित झाले, आन् घेऊन गेले. म्हणलं, साहेब, थोडे दिवस द्या, आमचं मीठ व्हायचंय. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. स्ट्रेचरवर घातला. कावी ओढ्यापर्यंत आली. हात उंच करून डोंगर दाखवला आन् हसली, लाल तोंडानं.

घरी आलो. बापूस बांधावर बसलेला, म्हातारा झालेला. मला बघून पहिलं वाक्य काय? उघाडी लावायला आलास का? मंग रडला. मी सगळं सांगितलं, लढाई, बोट, उपास, तो ऐकत होता. मिठानं टोप घासला तिथं आलो आन् खाडकन् माझ्या मुस्काटात. तीन पौर्णिमांचं मीठ घासलंस? उठला, उन्हात गेला, पहिल्या ढिगाच्या शेंड्यावरचं पांढरंशुभ्र मीठ स्वतः काढलं, पायलीभर, कापडात शिवलं आन् म्हणाला, धाड.

धाड म्हणणं सोपं. पनवेलच्या पोस्टात गेलो. पोस्टमास्तर म्हणाला, पत्ता? मी म्हणलं, लिहा, कावी म्हातारी, ओढ्याच्या वर, सोंडेवरचं गाव. तो म्हणाला, तालुका? मी म्हणलं, तालुका नाय. जिल्हा? जिल्हा नाय. पोस्ट? अहो, पोस्ट असतं तर मीठही असतं! मागची रांग हसली. एकजण म्हणाला, गोमाभाऊ, पोस्टमनला खातील हो ते.

आमच्या शाळेत शलोम मास्तर होते, आपल्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, घरी मराठी आन् देवळात हिब्रू, इंग्रजी तर साहेबाला शिकवतील असं. ते हसले नाय. त्यांनी तिकडच्या सरकारला पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली हाय. मी म्हणलं, आन् मिठाची? मास्तर म्हणाले, नोंद पत्राची घेतलीय. पुन्हा लिहिलं. पुन्हा नोंद. मंग एका बंदराचं नाव घालून पार्सलच धाडलं, ते दीड वर्षानं परत आलं, शिक्क्यांनी काळं झालेलं. कापड उघडलं तर आत ओल. सगळं मीठ वाटेत पाझरून गेलेलं. बापूस तोवर गेला होता, बरं झालं, नायतर दुसरी बसली असती.

मंग आमच्या गावचा एक खलाशी, बोटीवर कामाला, म्हणाला, काका, मी नेतो. परत आला तो छाती काढून, दिलं म्हणाला, म्हातारीनं आशीर्वाद दिला तुमाला. मी गावजेवण घालायचा बाकी. मंग त्याची बायको माझ्या बायकोला नळावर बोलून गेली की आमच्यांनी तुमचं मीठ सिंगापूरपर्यंत कैरीला लावून खाल्लं, फार चांगलं होतं म्हणाले. चांगलं असणारच! निवडून दिलं होतं!

त्या गावात मी थापाड्या, कारण मिठाचा डोंगर कुठं असतो. ह्या गावात मी थापाड्या, कारण राखेतून मीठ कुठं निघतं. एकदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी माझं व्याख्यान ठेवलं, नाव दिलं रानटी लोकांत एक वर्ष. मला वाटलं, चला, हजार माणसं ऐकतील, एखादा तरी वाट सांगेल. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. पोरं म्हणाली, काका, हे नेसा, आन् केळीची पानं पुढं केली. तोंडाला फासायला काजळीसुद्धा आणली होती. मला नाटकाची आवड हाय, लपवत नाय, पानं नेसूनही गेलो असतो एखाद वेळेस. पण काजळी बघितली आन् मला कावीच्या चुलीवरची ती रिकामी दोरी आठवली. मी धोतरातच वर गेलो आन् लव्हाळं कसं कापतात इथपासून सुरू केलं. नरसाळ्यापर्यंत पोचायच्या आत मागून शिट्ट्या. बायकांचं सांगा, बायकांचं! मी म्हणलं, बायकांचंच सांगतोय, मीठ बायकाच करतात. बसवलं मला खाली.

शलोम मास्तरही गेले, सगळं घर घेऊन, इस्रायलला. जाताना पत्रांच्या नकला माझ्या हातात दिल्या. म्हणाले, गोमा, मीसुद्धा न बघितलेल्या गावी चाललोय, तिकडचा पत्ता कळला की कळवीन. म्हणलं, मास्तर, तुमचं बरं हाय, तुमच्या गावाला पोस्ट असणार.

तेव्हापासून मी एक करतो. हंगामाचं पहिलं मीठ काढलं की एक पुडी पळसाच्या पानात बांधून चुलीच्या वर टांगतो, कावी टांगायची तशी, म्हणजे पावसाळ्यात पाझरत नाय. कोणी त्या बाजूला जाणारं भेटलं तर हाताशी असावी. पार्बती, माझी बायको, म्हणते, घरात डब्यात मीठ नाय आन् ह्यांचं लटकतंय परदेशात जायला. पण हात लावत नाय.

गेल्या पावसातली गोष्ट, मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, सून नवी, सुमन, उरणकडची. गणपतीच्या आधी भांडी काढली. मी पनवेलहून येतो तर ओटीवर पितळेची रांग, घागर, पराती, समई, अशी लखलखतायत की डोळे दिपले. पार्बती माझ्याकडं बघेना. सुमन समई घेऊन पुढं आली. म्हणाली, मामा, चुलीतली राख सगळी भिजलेली, बघितलं तर वर पुडी होती, धुरानं आतपर्यंत काळी झालेली, म्हणलं आत्यांनी कोरडी राख ठेवली असेल, चिंच लावून घासलं, बघा कसं निघालं.

मी तोंड उघडलं. गुरुजी, वीस वर्षांचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पोस्ट, शिक्के, कैरी, शिट्ट्या, सगळं त्या पोरीच्या अंगावर पडणार होतं. आन् समईत मला माझं तोंड दिसलं.

मी खाली बसलो. चंची सोडली, अडकित्त्यानं सुपारी कातरली, अर्धी सुमनला दिली. सासऱ्यानं सुनेला सुपारी देताना पार्बतीनं जन्मात बघितलं नव्हतं, ती म्हणाली, अहो, बरं वाटतंय ना? म्हणलं, बरं वाटतंय. बसा दोघी. आन् पहिल्यापासून सांगितलं, जसं आत्ता तुमाला सांगितलं.

सुमननं सगळं ऐकलं. सुपारी मुठीतच होती. माणसं खातात का, नाय विचारलं. बायका कशा असतात, नाय विचारलं. म्हणाली, मामा, मंग त्या पोरीचं लग्न झालं का?

काय सांगू तुमाला. वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांचं लव्हाळं कापलेलं होतं, त्याचं मीठ वेळेत झालं का, मुलाकडचे थांबले का, नाय ठाऊक मला. म्हणलं, नाय ठाऊक, बाय. ती पोर उठली, कोठीतून मीठ घेतलं, परसातून पान आणलं, मला म्हणाली, गाठ कशी मारायची दाखवा.

ती बघा, तिथं टांगलीय. ह्या वर्षीची दोन बोटं मोठीच बांधलीय तिनं. माझ्यानं आता कोणाच्या मागं लागवत नाय, पत्रं लिहायला मास्तरही नायत. तुमी हे लिहून घेताय तर एवढं लिहा की मीठ तयार हाय. त्या बाजूला जाणारं कोणी असेल तर न्हाव्याला येऊन घेऊन जावं, फक्त कैरीशी खाऊ नये. आन् कावीची नात, आता तीही पोक्त बाई झाली असेल, जिथं असेल तिथं तिच्या पानाला चिमूटभर मीठ असू दे.

सुपारी घ्या, गुरुजी. थुंकायला त्या बाजूला जा.